पाठवलं म्हणजे दिसलं का? टीव्हीची परीक्षा घेणाऱ्या मशीनचा प्रोग्राम

 

आज मी माझ्या कामाबद्दल बोलणार आहे. घरी कोणी विचारलं की "तू नक्की करतोस काय रे?", तर मी सांगतो, "टीव्हीची परीक्षा घेणाऱ्या मशीनला प्रश्नपत्रिका काढून देतो." आत्याला तेवढं पुरतं. तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

टीव्ही किंवा मॉनिटर कारखान्यातून खोक्यात जाण्याआधी त्याच्यावर ठरलेली चित्रं दाखवली जातात. लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं, मग चौकटी, मग पट्टे. ही चित्रं तयार करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ सिग्नल जनरेटर म्हणतात. आम्ही रोजच्या बोलण्यात पॅटर्न जनरेटर म्हणतो. कोणतं चित्र, कोणत्या रिझोल्यूशनवर, किती वेळ आणि त्यात काय तपासायचं, याची यादी म्हणजे टेस्ट सिक्वेन्स. ती यादी प्रोग्राम करणं हे माझं काम.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एक फॉर लूप लावायचा, चित्रं फिरवायची, झालं. पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं. पण चित्र पाठवलं म्हणजे ते स्क्रीनवर दिसलंच असं नसतं. आणि स्क्रीनवर दिसलं म्हणजे ते कोणी नीट पाहिलं असंही नसतं. "पाठवलं", "दिसलं" आणि "पाहिलं" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा सगळा एपिसोड यावरच आहे.

लॅपटॉप का नाही चालत?

आधी एक साधा प्रश्न. एवढं महागडं यंत्र कशाला? लॅपटॉपला केबल लावून फोटो दाखवले तर?

अडचण अशी की लॅपटॉप मध्ये मध्ये स्वतःचं डोकं चालवतो. ग्राफिक्स कार्ड चित्र ताणतं, रंग थोडे बदलतं. संगणकाच्या जगात ८ बिटच्या रंगात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या जगात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरायची पद्धत आहे. लॅपटॉपने यातलं काय पाठवलं, हे तुम्हाला नक्की माहीत नसेल, तर स्क्रीनवर फिकट दिसलेला काळा रंग टीव्हीची चूक की लॅपटॉपची, हे कसं ठरवणार?

पॅटर्न जनरेटरचं काम हेच, की काय गेलं याची शंभर टक्के खात्री. उदाहरण घ्या. १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम. आपल्याला दिसतात आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. पण सिग्नलमध्ये प्रत्यक्षात आडवे २२०० आणि उभे ११२५ असतात. वरचे कुठे गेले? ते न दिसणाऱ्या रिकाम्या जागेत असतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ संपवून परत डावीकडे यायचा, त्याला वेळ लागायचा, म्हणून ही मोकळी जागा ठेवलेली असे. ट्यूब गेली, जागा राहिली. आज त्यातल्या काही भागातून आवाज आणि इतर माहिती जाते. आता २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० करा. १४ कोटी ८५ लाख येतात. म्हणजे पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ. जनरेटर हा आकडा काटेकोर पाळतो. फोर-केला ६० फ्रेमवर हाच क्लॉक चौपट, म्हणजे ५९४ मेगाहर्ट्झ होतो. हा चौपटीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणतं चित्र काय पकडतं?

प्रत्येक चित्राला एक प्रश्न असतो. पूर्ण काळं चित्र विचारतं: एखादा पिक्सेल सतत पेटलेला आहे का? कडेने बॅकलाइटचा उजेड गळतोय का? पूर्ण पांढरं विचारतं: एखादा पिक्सेल मेलाय का, कुठे डाग आहे का? लाल, हिरवं आणि निळं चित्र एकेका सबपिक्सेलची हजेरी घेतात. कडेला एक पिक्सेल जाडीची चौकट काढली, तर टीव्ही चित्र मोठं करून कडा कापतोय का, ते कळतं. एक काळा, एक पांढरा अशा पिक्सेलच्या बारीक बुद्धिबळपटावर स्केलिंगची गडबड लगेच उघडी पडते.

रंगीत उभे पट्टे तुम्ही पाहिले असतील. अमेरिकेतल्या एसएमपीटीई या संस्थेने १९७८ साली त्याचा एक नमुना प्रमाण केला. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं. त्या काळात कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी टीव्हीसमोर बसून असलेल्या आईबाबांना विचारा, असे पट्टे त्यांना आठवतील.

अजून एक गोष्ट. "एकही पिक्सेल खराब नको" असं म्हणणं सोपं आहे. फोर-के पॅनलवर ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात साधारण तीन सबपिक्सेल. म्हणून आयएसओ ९२४१-३०७ या मानकात वेगवेगळे वर्ग ठरवून किती दोष चालतील, याच्या मर्यादा दिल्या आहेत. कंपनी आपला वर्ग निवडते आणि ती मर्यादा आमच्या फाइलमध्ये एक आकडा म्हणून येते. तो आकडा बदलला की पास-नापास बदलतं. म्हणून तो कोणी, कधी बदलला याची नोंद राहिलीच पाहिजे.

पाच रंगांतून निसटलेला बिट

आता एक मजेशीर दोष सांगतो. वेळ वाचवायचा म्हणून पुष्कळ ठिकाणी फक्त काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा एवढंच दाखवतात. डोळ्याला वाटतं, सगळे रंग झाले.

समजा, हिरव्या रंगाच्या मार्गात एक बिट अडकला आणि कायम शून्यच राहिला. रंगाची पातळी ८ बिटांत लिहितात, त्यांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. समजा, १६ किमतीचा बिट गेला. काळा म्हणजे ०, तो ०च राहतो. पास. पूर्ण हिरवा म्हणजे २५५, तो २३९ होतो. शेजारी तुलनेला चांगला टीव्ही नसेल, तर तुमच्या माझ्या डोळ्याला हा फरक कळणं कठीण. पांढऱ्यात किंचित गुलाबी झाक येईल, पण घाईत तीही सुटते. पाचही चित्रं पास!

आता करड्या रंगाची पट्टी दाखवा, डावीकडे काळी आणि हळूहळू उजवीकडे पांढरी होत जाणारी. हिरवा ० ते १५ पर्यंत नीट चढतो. पुढची पातळी १६. पण १६ चा बिट मेलेला, म्हणजे हिरवा धपकन ० वर. मग परत १५ पर्यंत चढतो आणि एकदम ३२ वर उडी. म्हणजे पट्टीवर दातेरी पट्टे दिसतात. लहान मूलही सांगेल, की काहीतरी बिघडलंय.

गिऱ्हाईक घरी पाच रंग बघत नाही. तो सिनेमा बघतो. त्यात चेहरे असतात, संध्याकाळचं आकाश असतं, आणि तिथे मधल्या पातळ्याच असतात. म्हणून सिक्वेन्स लिहिताना "कोणती चित्रं दाखवायची" असं न विचारता "कोणता दोष कुठे लपेल" असं विचारायचं.

बेरीज बरोबर, बिल शेजाऱ्यांचं

चित्रं दाखवायच्या आधी आम्ही टीव्हीकडून त्याची ओळख वाचून घेतो. तिला ईडीआयडी म्हणतात. टीव्हीच्या आत एक छोटी मेमरी असते. कंपनीचा कोड, मॉडेल, सिरीयल नंबर, बनवल्याचं वर्ष आणि कोणती रिझोल्यूशन चालतात, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही केबल लावता आणि लॅपटॉपला आपोआप कळतं की समोर काय आहे, ते यामुळेच. मूळ ब्लॉक १२८ बाइटचा असतो. सगळ्या बाइटची बेरीज केली की तिला २५६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे.

नवीन इंजिनिअर काय करतो? बेरीज तपासतो, जमली, पास. पण दुसऱ्याच मॉडेलची फाइल या टीव्हीत भरली गेली, तर तिचीही बेरीज बरोबरच येणार! म्हणजे लाइटबिलाची बेरीज अगदी चोख, फक्त बिल शेजाऱ्यांचं. म्हणून खोक्यावरचा बारकोड स्कॅन करायचा आणि ईडीआयडीतलं मॉडेल आणि सिरीयल नंबर त्याच्याशी जुळवायचे. मशीनला हे क्षणात जमतं. माणसाच्या डोळ्याला हे काम देऊच नये.

"दादा, चित्र डोळ्यात भरायच्या आधी पुढचं येतं"

आता खरा किस्सा. कारखान्याचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही.

तिथे टीव्हीची एक लाइन होती. शेवटच्या तपासणीला दोन ताई बसायच्या. स्क्रीनकडे बघायचं आणि हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. गिऱ्हाइकांकडून तक्रारी यायला लागल्या की फोर-के सेट टॉप बॉक्स लावला की स्क्रीनवर बारीक ठिपके चमकतात. मघाशी सांगितलं ना, फोर-केला क्लॉक चौपट. जोडणी जराशी कमजोर असली तर १०८० पीला काही दिसत नाही आणि फोर-केला ठिपके उडतात. हा दोष तपासणीत सापडायलाच हवा होता, कारण फोर-केची पायरी सिक्वेन्समध्ये होती.

मीटिंगमध्ये लॉग उघडला. प्रत्येक टीव्हीला फोर-केची पायरी ३ सेकंद दाखवलेली, प्रत्येक वेळी हिरवं बटण. निष्कर्ष तयारच होता: ऑपरेटरचं लक्ष नाही. त्या दोघींना मेमो द्यायची भाषा सुरू झाली. आमच्या टीमला लाइन बघायला पाठवलं होतं, म्हणून मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यातल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "दादा, चित्र डोळ्यात भरायच्या आधी पुढचं येतं."

आम्ही साधा उपाय केला. फोनचा स्लो मोशन कॅमेरा, सेकंदाला २४० फ्रेम. एकाच फ्रेममध्ये जनरेटरचा डिस्प्ले आणि टीव्ही दोन्ही दिसतील असा धरला. मग फ्रेम मोजल्या. जनरेटरने फोर-के पाठवल्यापासून टीव्हीवर चित्र येईपर्यंत ६२० च्या आसपास फ्रेम गेल्या. म्हणजे जवळजवळ २.६ सेकंद. तेवढा वेळ स्क्रीन काळी. फॉरमॅट बदलला की टीव्हीला नवा सिग्नल ओळखून त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, कॉपी-संरक्षणाची बोलणी परत करावी लागतात. त्याला वेळ लागतोच. ३ सेकंदांतून २.६ गेले. ताईंच्या वाट्याला किती? अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी.

पूर्वी ही पायरी ५ सेकंदांची होती. उत्पादन वाढवायचं म्हणून कोणीतरी सगळ्या पायऱ्या सरसकट ३ वर आणल्या होत्या. नापास होणारे टीव्ही कमी झाले, त्याचा सगळ्यांना आनंदही झाला होता. लॉग खोटं बोलत नव्हता. पण त्यात फक्त "पाठवलं" होतं, आणि मीटिंगमध्ये सगळे त्याला "पाहिलं" असं वाचत होते. ते आकडे समोर ठेवल्यावर मेमोचा विषय बंद झाला.

पोचपावती हवी

मग दुरुस्ती काय? परत ५ सेकंद करायचे? तो कच्चा उपाय. उद्या दुसरं मॉडेल येईल, त्याला ४ सेकंद लागतील, मग?

कोडमध्ये "स्लीप, ३ सेकंद" असं लिहिणं म्हणजे पत्र पोस्टात टाकून "परवापर्यंत मिळालं असेल" असं म्हणणं. आपल्याला रजिस्टर पोस्टासारखी पोचपावती हवी. म्हणून प्रत्येक चित्राच्या एका कोपऱ्यात छोटा चौकोन ठेवला आणि त्यासमोर एक प्रकाश सेन्सर लावला. चौकोन पांढरा झाला की सेन्सर संगणकाला कळवतो, "चित्र आलं". त्या क्षणापासून पाहण्याचे २ सेकंद मोजायचे. ८ सेकंदांत पोचपावती आली नाही, तर निकाल "चित्र आलंच नाही". हा निकाल "चित्र खराब"पेक्षा वेगळा लिहायचा, कारण दुरुस्तीवाल्याला त्यावरूनच दिशा मिळते.

यातही एक खाच आहे. चौकोन प्रत्येक चित्रात पांढराच ठेवला, तर आधीचं चित्र अजून तसंच असतानाही सेन्सर "आलं" म्हणेल. म्हणून एका पायरीला पांढरा, पुढच्या पायरीला काळा, असा आलटून पालटून ठेवायचा. पण फॉरमॅट बदलताना स्क्रीन आपोआप काळी होते, म्हणून त्या पायरीला चौकोन कायम पांढराच हवा. नाहीतर नुसत्या काळ्या स्क्रीनलाच पोचपावती मिळून जाईल.

आणि वेळेचं काय? साहेबांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, लाइन थांबवून चालत नाही. वेळ वाचवायची जागा दुसरी होती. समजा, ४ फॉरमॅट आहेत आणि ५ चित्रं, म्हणजे २० पायऱ्या. फॉरमॅट बदलायला ३ सेकंद लागतात, नुसतं चित्र बदलायला अर्धा सेकंद. "लाल सगळ्या फॉरमॅटवर, मग हिरवा सगळ्या फॉरमॅटवर" असं केलं, तर वीसही वेळा फॉरमॅट बदलतो. २० गुणिले ३, म्हणजे ६० सेकंद नुसते वाट बघण्यात. त्याऐवजी एक फॉरमॅट लावून पाचही चित्रं उरकली, तर फॉरमॅट चारदाच बदलतो. १२ सेकंद, अधिक १६ वेळा अर्धा म्हणजे ८, एकूण २० सेकंद. ४० सेकंद वाचले आणि पाहण्याच्या वेळेतला एकही सेकंद गेला नाही.

अजून पुढे जा. मेलेला पिक्सेल पॅनलचा दोष आहे, तो चारही फॉरमॅटवर शोधायची गरज नाही. पॅनलच्या मूळ रिझोल्यूशनवर एकदाच शोधा. बाकी फॉरमॅटना कडेची चौकट आणि बारीक बुद्धिबळपट एवढं पुरतं.

परीक्षेचीही परीक्षा

शेवटचा मुद्दा "पाहिलं" चा. ओळीने ३०० टीव्ही चांगले आले की बोट आपोआप हिरव्या बटणावर जातं. तुमचं माझंही जाईल. यावर ओरडून उपयोग नसतो. प्रश्न असा विचारायचा, की उत्तर पाठ होणार नाही.

जनरेटरला आपण कोणतंही चित्र देऊ शकतो. मग अधूनमधून पांढऱ्या चित्रात मुद्दाम एक काळा ठिपका घालायचा, दरवेळी वेगळ्या भागात. ऑपरेटरने तो भाग दाबायचा. सापडला तर ठीक, संगणकाला माहीतच आहे की हा ठिपका आपणच घातलाय. सापडला नाही, तर आधी बघायचं की दिवा स्क्रीनवर चमकतोय का, खुर्ची फार लांब आहे का, वेळ कमी पडतोय का. हे माणसाला पकडायला नाही, तपासणीची जागा तपासायला आहे. पहिल्याच दिवशी ताईंना हे समजावून सांगायचं, नाहीतर त्यांना तो सापळा वाटतो.

कॅमेरा लावला तरी नियम तोच. शिफ्टच्या सुरुवातीला एक माहीत असलेला खराब टीव्ही लाइनवरून सोडायचा. तो नापास झाला पाहिजे. तो पास झाला, तर लाइन थांबवायची. जी टेस्ट कधीच कोणाला नापास करत नाही, तिच्यावर मी सगळ्यात आधी संशय घेतो.

घरी करून बघा

नवा फोन किंवा टीव्ही घेतलात तर परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. आधी स्क्रीन मऊ कापडाने पुसा, कारण धुळीचा कण हुबेहूब मेलेल्या पिक्सेलसारखा दिसतो. खोलीत अंधार करा, ब्राइटनेस पूर्ण. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि शेवटी करडी पट्टी, पूर्ण स्क्रीनवर, प्रत्येकी निवांत दहा सेकंद. अनेक सॅमसंग फोनवर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की रंगांची टेस्ट आतच मिळते.

फक्त एक सांभाळा. करड्या पट्टीची इमेज व्हॉट्सॲपवरून आलेली वापरू नका. ती पाठवताना दाबून लहान केलेली असते, त्यामुळे पट्टे इमेजमध्येच असू शकतात आणि बिचारी स्क्रीन बदनाम होते. काय पाठवलं हे आधी पक्कं माहीत असू द्या.

तुमच्यापैकी कोणाला या कामात यायचं असेल, तर पायथन आणि सिरीयल पोर्टवरून एखाद्या उपकरणाशी बोलणं, एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचं लाइनवर उभं राहून, तिथे बसणाऱ्या माणसांना विचारून शिकता येतं.

तुमच्या स्क्रीनवर काही सापडलं तर कॉमेंटमध्ये लिहा, मी वाचतो. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!